आवाज कोठवर पोचतो?



कळंब्याच्या तळ्याकाठी राहणाऱ्या माणसांना पाण्याची एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. तळ्यात पाणी किती साठले आहे हा एक प्रश्न असतो आणि ते पाणी आपल्या दारच्या नळापर्यंत पोचते की नाही हा अगदी निराळा प्रश्न असतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कागदावर मिळते, दुसऱ्याचे घागरीत. नभोवाणीचेही असेच आहे. केंद्र किती किलोवॉटचे, हे सरकारी पत्रकात छापलेले असते. पण त्या केंद्राचा आवाज राधानगरीच्या पलीकडच्या एखाद्या वाडीत संध्याकाळी सात वाजता स्वच्छ ऐकू येतो की नाही, हे त्या वाडीतल्या माणसाच्या कानालाच ठाऊक असते. आजच्या व्याख्यानात या दोन प्रश्नांमधल्या अंतराचा इतिहास सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रारंभीच एक कबुली देऊन ठेवतो. आम्ही शास्त्राचे पदवीधर नव्हे. सोळाव्या वर्षी आम्ही फौंड्रीत साचे भरावयास लागलो, आणि पुढचे सारे शिक्षण रात्रीच्या वाचनालयात आणि कामगारांच्या बैठकांत झाले. रेडिओशी आमची ओळख झाली तीही कारखान्यातच. जेवणाच्या सुटीत भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेला ट्रान्झिस्टर लागे. त्यावर दिवसा सांगली केंद्र खणखणीत ऐकू यायचे, आणि रात्रपाळीत तेच केंद्र एखाद्या परक्या भाषेच्या गलबल्यात बुडून जायचे. असे का होते, हे आम्ही अनेकांना विचारले. कोणी म्हणे सेल उतरले, कोणी म्हणे हवा खराब आहे. त्या एका 'का'चा पाठपुरावा करता करता आम्हाला जे सापडले, तेच आपणांपुढे ठेवीत आहोत.

मुंबईतल्या हौशी मंडळींनी रेडिओ क्लब काढून १९२३ च्या जूनमध्ये ध्वनिक्षेपणाचे प्रयोग सुरू केले. त्यांच्या पाठोपाठ इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी नावाची खासगी कंपनी आली. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते तिच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले आणि पुढच्याच महिन्यात कलकत्त्याचे केंद्र सुरू झाले. दोन्ही ठिकाणचे प्रक्षेपक दीड-दीड किलोवॉटचे होते. त्यांचा आवाज खात्रीने ऐकू येई तो सुमारे तीस मैलांच्या आत. म्हणजे मुंबईचा आवाज कल्याणच्या थोडा पुढे गेला की थकून बसायचा. पुणेदेखील त्या वर्तुळाबाहेर होते, मग कोल्हापूरची गोष्ट बोलावयासच नको.

या कंपनीचे पुढे काय झाले ते कामगार चळवळीतल्या माणसाने मुद्दाम वाचावे असे आहे. वर्षाला दहा रुपये परवाना फी होती आणि तिच्यातला मोठा हिस्सा कंपनीस मिळे. पण १९२९ च्या अखेरीस सगळ्या देशातले परवाने होते अवघे काही हजार. ज्याला ऐकू येत नाही तो परवाना कशाला काढील? परवाने नाहीत म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून मोठा प्रक्षेपक नाही, आणि मोठा प्रक्षेपक नाही म्हणून आवाज पोचत नाही. या चरकात सापडून १ मार्च १९३० रोजी कंपनीचे दिवाळे वाजले. एक महिन्याने, १ एप्रिलला, सरकारने हे काम आपल्या हाती घेतले. ज्या उद्योगाचा नफा फक्त शहरात आहे तो खेड्यापर्यंत आपण होऊन जात नाही, हा धडा आपल्या देशाला नभोवाणीच्या पहिल्या तीन वर्षांतच मिळालेला होता. तो आपण किती लक्षात ठेवला, हे पुढे पाहू.

१९३५ साली लायोनेल फील्डन नावाचे गृहस्थ बी.बी.सी.तून येथे आले. ८ जून १९३६ रोजी या खात्याचे 'ऑल इंडिया रेडिओ' असे नामकरण झाले आणि त्याच वर्षी सेसिल गॉयडर हे मुख्य अभियंता म्हणून रुजू झाले. या गॉयडरांची हकीकत मोठी मजेदार आहे. १९२४ च्या ऑक्टोबरात, लंडनजवळच्या मिल हिल शाळेत विद्यार्थी असतानाच, त्यांनी लघुलहरींवरून थेट न्यूझीलंडमधल्या एका हौशी माणसाशी बिनतारी संभाषण जुळविले होते. पृथ्वीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाशी झालेले ते पहिले दुतर्फी संभाषण होय. शाळकरी वयात ज्याने हा चमत्कार केला, त्याच्यापुढे आता प्रश्न असा आला, की हाती पैसा थोडा आणि देश खंडाएवढा, तर आवाज पोचवावा कसा?

येथे लहरींचा स्वभाव थोडा समजून घेतला पाहिजे. मध्यमलहरी दिवसा जमिनीला धरून चालतात. लहानसहान डोंगराला वळसा घालून जाण्याची कला त्यांना अवगत आहे. पण जमीन त्यांची शक्ती शोषून घेते, म्हणून त्या फार दूर जात नाहीत. शिवाय आपल्याकडे वळवाच्या विजा चमकू लागल्या की मध्यमलहरींवर जी खरखर माजते ती विलायतेतल्या अभियंत्यांनी कधी ऐकलेली नसते. लघुलहरी आकाशात उंच जातात आणि वरच्या विद्युद्भारित थरांवर आपटून शेकडो मैलांवर खाली उतरतात. या थरांचा अभ्यास करणाऱ्यांत कलकत्त्याचे शिशिरकुमार मित्र यांचे नाव जगभर आदराने घेतले जाते. १९४७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा वातावरणाच्या वरच्या भागावरील ग्रंथ पुष्कळ वर्षे या विषयाचा आधारग्रंथ मानला जात होता.

गॉयडर यांनी असे ठरविले, की मोठ्या शहरांभोवती मध्यमलहरींचे स्वच्छ क्षेत्र ठेवावे आणि उरलेल्या सगळ्या मुलखावर लघुलहरींचे पातळ छत धरावे. १९३८ च्या फेब्रुवारीत मुंबईला दहा किलोवॉटचा लघुलहरी प्रक्षेपक सुरू झाला. कोल्हापूर संस्थानात ज्याच्या घरी लांब तारेचे एरियल आणि दिव्यांचा रेडिओ होता, त्याला मुंबई मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. पण असे घर गावात एखादेच. छत पातळ होते आणि त्याखाली उभे राहण्याची ऐपतही थोड्यांची होती. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आपल्या वाट्याला सहा केंद्रे आली. आवाज पोचत होता देशाच्या अडीच टक्के भूमीवर आणि अकरा टक्के लोकांपर्यंत. हे आकडे आकाशवाणीचेच आहेत.

स्वातंत्र्यानंतर आपल्या बाजूचे चित्र हळूहळू भरू लागले. १९४८ साली नागपूर, १९५० साली धारवाड, १९५३ साली पुणे. पुणे केंद्र सुरू झाल्यावर जो एक प्रयोग झाला, त्याचा अभिमान कोल्हापूर जिल्ह्याने बाळगला पाहिजे, आणि खेदाची गोष्ट ही की आपल्यापैकी फार थोड्यांना तो ठाऊक आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने पाच मराठी जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास खेड्यांत 'रेडिओ ग्राममंडळे' स्थापन केली. त्या जिल्ह्यांत आपला कोल्हापूर जिल्हा होता. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम झाले. सार्वजनिक रेडिओभोवती गावकरी बसत, कार्यक्रम ऐकत, तो संपल्यावर आपसांत चर्चा करीत आणि आपले प्रश्न व निर्णय केंद्राला पत्राने कळवीत. ऐका, चर्चा करा, कृती करा, असे त्या योजनेचे सूत्र होते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरॅथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली. मंडळे असलेल्या गावांत माहिती तर वाढलीच, पण एरवी गप्प बसणारी माणसेही बोलू लागली, असा निष्कर्ष त्यांनी मांडला.

आम्ही हा अहवाल वाचला तेव्हा आम्हाला आमच्या गेट मीटिंगची आठवण झाली. नुसता कर्णा लावून भाषण ठोकले की कामगार ऐकतो आणि घरी जातो. त्याला उलट विचारू दिले की संघटना होते. आवाज कोठवर पोचतो, या प्रश्नाचे दुसरे अंग असे की तेथून उत्तर परत येते काय. १९५६ साली ते आले होते.

आता सांगलीकडे वळू. १९६३ साली सांगलीस आकाशवाणी केंद्र झाले आणि दक्षिण महाराष्ट्राला आपल्या बोलीतला आवाज मिळाला. शेतीच्या गोष्टी, बाजारभाव, लोकगीते, किर्लोस्करवाडीपासून कागलपर्यंतच्या माणसांची नावे, हे सगळे पेटीतून येऊ लागले. त्याच काळात ट्रान्झिस्टर स्वस्त होत गेले, म्हणून तो आवाज वाड्यातून उतरून बैलगाडीत, शिवारात आणि मागाच्या शेडमध्ये जाऊन बसला. तोपर्यंत करमणुकीसाठी लोक सिलोनकडे वळलेले होते. १९५२ साली केसकरांच्या कारकीर्दीत आकाशवाणीवरील चित्रपटगीते आटली, तेव्हा सिलोनने ती पोकळी भरली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेला शंभर किलोवॉटचा लघुलहरी प्रक्षेपक त्यांना वारशाने मिळालेला होता. कोलंबोहून निघालेला आवाज कोल्हापुरात स्वच्छ, आणि दिल्लीचा मात्र घोगरा! ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली ती पुष्कळ अंशी याच गळतीला बांध घालण्यासाठी. आपल्या घरात आपला आवाज बंद केला तर शेजाऱ्याचा आवाज आत येतो, हे लहरींचे राजकारण त्या पाच वर्षांत सर्वांना दिसून आले.

एव्हाना तुमच्या मनात प्रश्न उभा राहिला असेल, की आवाज पोचत नसेल तर प्रक्षेपकाची शक्ती वाढवावी, त्यात एवढे अवघड काय? अवघड असे, की शक्ती चौपट केली तेव्हा कोठे लहरीचा जोर दुप्पट होतो. एकाचे वीस किलोवॉट केले तरी जोर साडेचार पटींहून थोडा कमीच वाढतो, विजेचे बिल मात्र वीसपट. दुसरी अडचण याहून मोठी. गणेशोत्सवात एका मंडळाने कर्ण्याचा आवाज वाढविला की पलीकडचे मंडळ दोन कर्णे आणते, आणि शेवटी गल्लीत कोणालाच काही ऐकू येत नाही. लहरींच्या राज्यात हेच जगाच्या पातळीवर घडले. अमेरिकेत १९२६ साली न्यायालयाने असा निर्णय दिला, की कोणत्या लहरीवर बोलावे हे ठरवून देण्याचा अधिकार सरकारला नाही. झाले! ज्याला जेथे वाटेल तेथे, वाटेल त्या शक्तीने केंद्रे बोलू लागली. काही महिन्यांत अशी खिचडी झाली की लोकच कायदा मागू लागले, आणि १९२७ साली तो करावा लागला. पाटाला पाळीपत्रक नसले की टोकाच्या शेतकऱ्याचा ऊस वाळतो, हे आपल्याकडच्या पाणीवाटपात मुरलेल्या माणसाला निराळे सांगावयास नको.

मध्यमलहरींचे पाळीपत्रक आज आपण वापरतो ते १९७५ साली जिनिव्हात ठरले. युरोप, आफ्रिका आणि आशिया यांतील देश एकत्र बसले आणि त्यांनी दोन केंद्रांच्या लहरींत नऊ किलोहर्ट्झचे अंतर ठरवून दिले. २३ नोव्हेंबर १९७८ पासून ते अमलात आले. ५३१ पासून १६०२ पर्यंत नवा-नवाच्या अंतराने मोजले तर १२० वाटा होतात. तीन खंडांतल्या हजारो केंद्रांना मिळून एवढ्याच! म्हणून एकाच वाटेवर अनेकांना बसवावे लागले. सांगलीचे १२५१, पुण्याचे ७९२, मुंबईचे १०४४ व ५५८, धारवाडचे ७६५, पणजीचे १२८७ हे आकडे तपासून पाहा. प्रत्येक आकडा नवाच्या पाढ्यातला आहे. निवेदक जो आकडा वर्षानुवर्षे सहज म्हणत आला, त्याच्यामागे जिनिव्हाची एवढी घासाघीस आहे, हे कळल्यापासून आम्हाला तो आकडा करारनाम्यातल्या कलमासारखा वाटू लागला.

आणि आमच्या रात्रपाळीतल्या कोड्याचे उत्तरही येथेच मिळते. दिवसा सूर्यप्रकाशामुळे आकाशातला खालचा थर मध्यमलहरी गिळून टाकतो, म्हणून दूरचे केंद्र ऐकू येत नाही. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी वरच्या थरापर्यंत चढतात आणि हजार-हजार मैलांवर उतरतात. म्हणजे सांगलीच्याच किंवा शेजारच्या वाटेवर बसलेला परदेशी पाहुणा रात्री आपल्या अंगणात येतो. त्यात त्याचा दोष नाही आणि सांगलीचाही नाही. दिवसाचे वर्तुळ मोठे आणि रात्रीचे लहान, हा मध्यमलहरींचा धर्मच आहे. १८ मे १९८८ रोजी नागपूरहून एक हजार किलोवॉटच्या प्रचंड प्रक्षेपकावर राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. ती रात्रीच बोलायची, कारण रात्री तिचा आवाज देशभर उतरत असे. पण तिच्याच १५६६ या वाटेवर दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरचे एक जबर केंद्रही बसलेले. एवढ्या मोठ्या शक्तीलाही वाटेकरी होताच. पुढे ही वाहिनीच बंद करण्यात आली.

सगळे व्यत्यय मात्र परदेशातून येत नाहीत. आमच्या उमेदवारीच्या काळची गोष्ट. एका कारखान्यात एक जुनी मोटर होती. ती सुरू झाली की भोवतालच्या चाळीतले सगळे रेडिओ भाजल्यासारखे तडतडू लागत. बायामाणसे मालकाकडे गेली, त्याने ऐकून घेतले नाही. मग आम्ही काही कामगार एका जाणत्या इलेक्ट्रिशियनला घेऊन आलो. त्याने सांगितले की मोटरचे ब्रश झिजले आहेत, ठिणग्या उडतात, आणि प्रत्येक ठिणगी हा एक लहानसा प्रक्षेपकच असतो. ब्रश बदलले, एक कंडेन्सर बसविला, आणि चाळ शांत झाली. खर्च किरकोळ आला. आमच्या आयुष्यातला तो पहिला यशस्वी लढा होय. मागणी पगाराची नव्हती, मागणी होती ऐकू येण्याची. आता ब्रशच्या मोटरची जागा स्वस्तातल्या एल.ई.डी. दिव्यांनी आणि चार्जरांनी घेतली आहे. मध्यमलहर लावून असा एखादा दिवा मालवून पाहा, म्हणजे आम्ही काय म्हणतो ते कळेल.

१९७७ च्या जुलैत मद्रासला देशातले पहिले एफ.एम. प्रक्षेपण सुरू झाले, आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांतून एफ.एम.ची केंद्रे निघाली. कोल्हापूरला १०२.७ मेगाहर्ट्झवर आकाशवाणी आली, साताऱ्यास १०३.१ वर. एफ.एम.चा आवाज काचेसारखा स्वच्छ. विजांची खरखर नाही, रात्रीचे पाहुणे नाहीत, आणि एकाच वाटेवर दोन केंद्रे आली तर ज्याचा जोर अधिक तेच ऐकू येते. पण या लहरींची चाल नजरेसारखी सरळ आहे. शंभर मीटरांच्या मनोऱ्यावरून निघालेली लहर सपाट मुलखात सुमारे चाळीस किलोमीटर जाते, आणि वाटेत डोंगर आला की त्याच्या मागे सावली पडते. हातकणंगले, शिरोळ, कागल या पठारी बाजूस त्याचे काही वाटत नाही. पण गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड हे तालुके आठवून पाहा. आपला जिल्हा अर्धा सपाट आणि अर्धा सह्याद्रीचा. चंदगडची कथा तर अशी, की कोल्हापूर दूर, आणि पणजीचे बलिष्ठ मध्यमलहर केंद्र त्यामानाने जवळ. जिल्ह्याची सीमा, भाषेची सीमा आणि लहरीची सीमा या तीन रेघा कधी एकमेकींवर बसत नाहीत.

पंचवीसएक वर्षांपूर्वी डोंगरी भागातून कारखान्यात येणाऱ्या काही कामगारांनी या सावलीबद्दल एक अर्ज केला आणि आम्ही तो घेऊन एका कचेरीत गेलो. साहेब सज्जन होते. त्यांनी चहा पाजला आणि भिंतीवरचा नकाशा दाखविला. नकाशावर वर्तुळ काढलेले होते आणि आमच्या मंडळींची गावे त्या वर्तुळात स्पष्ट येत होती. "तुम्ही तर क्षेपणक्षेत्राच्या आत आहात," साहेब म्हणाले, "तक्रार होण्याचे कारण नाही." आमच्याबरोबर एक म्हातारा मोल्डर होता. तो नकाशाकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "साहेब, कंपासाला डोंगर दिसत न्हाई." अर्जाचे पुढे काही झाले नाही. ते वाक्य मात्र आम्ही जन्मभर विसरलो नाही. मजुरीची सरासरी, महागाईचा निर्देशांक, रोजगाराचे आकडे, जेथे जेथे आम्हाला वर्तुळ दाखविण्यात आले तेथे तेथे आम्हाला तो म्हातारा आठवला.

आता वर्तमानाकडे येऊ. आकाशवाणी देशाच्या ९२ टक्के भूमीवर आणि ९९ टक्क्यांहून अधिक लोकांपर्यंत पोचते, असे सरकारी पत्रके सांगतात. अडीच टक्क्यांपासून ९२ टक्क्यांपर्यंतची ही वाटचाल सामान्य नव्हे. ती करणाऱ्या अभियंत्यांना, तंत्रज्ञांना आणि माळरानावरच्या प्रक्षेपक-गृहात रात्र जागवणाऱ्या कामगारांना आम्ही वंदन करतो. पण हा आकडा सर्व प्रकारच्या लहरींचा मिळून आहे. नुसत्या एफ.एम.चा विचार केला तर २०२३ च्या जानेवारीत, २,५३९ कोटी रुपयांची विस्तार योजना मंजूर झाली त्या वेळी, सरकारनेच ५९ टक्के भूमी व ६८ टक्के लोकसंख्या हे प्रमाण सांगितले होते, आणि ते ६६ व ८० टक्क्यांवर नेण्याचे ठरविले होते. २८ एप्रिल २०२३ रोजी शंभर-शंभर वॅटचे ९१ प्रक्षेपक एकाच दिवशी सुरू झाले. त्यांमुळे सुमारे ३५,००० चौरस किलोमीटर मुलखाची भर पडेल असे सांगण्यात आले. गणित केले तर एकेकाच्या वाट्यास सरासरीने अकरा किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ येते. अशी लहान लहान वर्तुळे दऱ्याखोऱ्यांत जाऊन बसणे ही योग्य दिशा आहे, कारण डोंगराला मोठ्या आवाजाने हरविता येत नाही, त्याच्या मागे जाऊन बसावे लागते.

आमची चिंता निराळी आहे. जुनी मध्यमलहर केंद्रे खर्चिक झाली आहेत, त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत, वीज फार लागते, हे सारे खरे आहे. पण एफ.एम.ची सावली भरून निघण्याआधी मध्यमलहर मालविली, तर टक्केवारी वाढत असतानाच काही माणसे पुन्हा १९२७ सालात जाऊन पडतील. नॉर्वेने २०१७ साली राष्ट्रीय वाहिन्यांचे एफ.एम. बंद केले, पण त्यापूर्वी नव्या पद्धतीचे जाळे देशभर विणून घेतले होते. आधी नवी विहीर खणावी, पाणी लागले की मग जुनी बुजवावी, हे शेतकऱ्याचे शहाणपण आहे.

मोबाइल असताना रेडिओ कशाला, असे आम्हाला तरुण मंडळी विचारतात. त्यांना आम्ही २०१९ चा ऑगस्ट आठवावयास सांगतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. आमच्या ओळखीच्या वस्तीत वीज गेली, मग मोबाइलचे सेल गेले, मग मनोऱ्यांचेही बळ सरले. माळ्यावर अडकलेल्या एका कुटुंबाकडे दोन सेलांचा जुना ट्रान्झिस्टर होता. पाणी कोठे चढले, कोणता रस्ता बंद झाला, हे त्या मंडळींना त्या पेटीतून कळत होते आणि शेजारच्या माळ्यांवर ते ओरडून सांगत होते. त्या चार दिवसांत त्या पेटीची किंमत कोणी विचारली नाही.

आणखी एक गोष्ट सांगून संपवितो. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या एका दाव्याचा निकाल दिला. त्या पीठावर आपले मराठी न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती सरकारच्या एकट्याच्या मालकीची नाही आणि कोण्या धनवंताच्याही नाही, तिचा उपयोग लोकहितासाठी सार्वजनिक संस्थेच्या देखरेखीखाली व्हावा, असे त्या निकालाचे सार आहे. त्यानंतर खासगी एफ.एम. आली. आज कोल्हापुरात ९४.३ व ९८.३ वर दिवसभर गाणी आणि गप्पा चालतात, लोक आवडीने ऐकतात, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण त्यांना आकाशवाणीच्या बातमीपत्राखेरीज स्वतःच्या बातम्या सांगण्याची मुभा नाही, आणि जाहिरातदार शहरात असल्यामुळे त्यांचे मनोरेही शहरातच आहेत. १९३० च्या कंपनीचा धडा येथे पुन्हा आठवावा. दुसऱ्या बाजूने, २००६ सालापासून सामाजिक संस्थांनाही शंभर वॅटपर्यंतचे सामुदायिक केंद्र काढता येते. माणदेशात म्हसवडच्या बायकांनी ते चालवून दाखविले आहे. आमच्या डोंगरी तालुक्यांत ते का होऊ नये?

मालमत्ता आपली असेल तर तिची मोजणीही आपण केली पाहिजे. आमची सूचना साधी आहे. प्रत्येक गावातल्या वाचनालयाने एक वही ठेवावी. महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी, सकाळी, दुपारी आणि रात्री, सांगली आणि कोल्हापूर ही केंद्रे लावून पाहावीत. आवाजाला पाचपैकी गुण द्यावेत, व्यत्यय कसला होता ते लिहावे, आणि तारीख घालून खाली सही करावी. हौशी रेडिओ-मंडळी जगभर अशाच नोंदी ठेवतात, आणि केंद्रांचे अभियंते त्या मोलाच्या मानतात. वर्षभराने या वह्या एकत्र केल्या तर जिल्ह्याचा नवा नकाशा तयार होईल. तो कंपासाने काढलेला नसेल, कानांनी काढलेला असेल. तो घेऊन पुन्हा कचेरीत जाऊ. चहा देतील तो घेऊ, आणि त्यांच्या नकाशाशेजारी आपला नकाशा लावण्यास सांगू.

तो म्हातारा मोल्डर आज हयात नाही. त्याच्या गावात त्या वहीचे पहिले पान आम्ही स्वतः जाऊन लिहिणार आहोत.